ब्याऐंशी टन आणि एक गार पेला

वजन ही जगातली एकमेव मिळकत आहे, जी जमवायला कष्ट पडत नाहीत, जिची कधी चोरी होत नाही, आणि जी फुकट देऊन टाकायची म्हटली तरी घेणारा मिळत नाही. माझ्या छत्तीस वर्षांच्या सरकारी नोकरीत (जन्ममृत्यू नोंदणी, झगाझीग शहर, खिडकी क्रमांक तीन) मी घरे, शेते, आडनावे आणि एकदा तर एक म्हैससुद्धा एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर गेलेली पाहिली (जन्ममृत्यूच्या खिडकीत म्हैस कशी आली ते विचारू नये). पण किलोभर चरबी कुणी कुणाच्या नावावर करून दिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. अपवाद एकच, आमच्या खर्रूब गल्लीचे हाजी बेयूमी. त्यांनी ब्याऐंशी टन करून दिली.

हाजींचे कुनाफ्याचे, म्हणजे तुपात भाजून पाकात भिजवलेल्या शेवयांच्या मिठाईचे, दुकान होते. किलोभर कुनाफा मागितला की ते तो मापत, तागडी सरळ झाली की क्षणभर तिच्याकडे उदास नजरेने बघत, आणि मग परातीतून आणखी एक तुकडा उचलून वर टाकत. तागडी गिऱ्हाइकाच्या बाजूला खाली जाई आणि हाजींचा चेहरा वर येई. "हा माझ्याकडून," ते म्हणत. हा वरचा तुकडा सरासरी साठ ग्रॅमचा असे. रोज एकशेवीस गिऱ्हाइके, वर्षाचे तीनशे दिवस, अशी अडतीस वर्षे. गुणाकार मी स्वतः तीनदा केला आहे. ब्याऐंशी टन ऐंशी किलो. गल्लीची लोकसंख्या तीनशे चाळीस धरली, तर माणशी दोनशे एकेचाळीस किलो पडतात, आणि हा आकडा गल्लीतल्या प्रत्यक्ष देखाव्याशी बऱ्यापैकी जुळतो.

हाजी गेले तेव्हा स्वतः एकशेबेचाळीस किलोंचे होते. खांदेकरी जागोजाग बदलावे लागले, आणि तेही सगळे हाजींचेच गिऱ्हाईक असल्यामुळे कुठलीच पाळी पन्नास पावलांच्या पुढे टिकली नाही. कबरस्तानात पोचलो तेव्हा मयत सोडून बाकी सगळ्यांना धाप लागली होती.

त्यांच्या मागे राहिल्या त्यांच्या बायको सित्त इन्साफ (सित्त म्हणजे बाई). मूलबाळ नाही. दुकानाला कुलूप घालून त्या घरात बसल्या आणि दूरचित्रवाणी लावून रडू लागल्या. तिसऱ्या आठवड्यात पडद्यावर पांढरा कोट घातलेली एक डॉक्टरीणबाई आली (कशाची डॉक्टर हे खालच्या पट्टीवर लिहिलेले होते, पण पट्टीवर साबणाची जाहिरात आली). ती म्हणाली, गार पाणी प्या. गार पाणी पोटात गेले की शरीराला ते तापवावे लागते, तापवायला सरपण लागते, आणि सरपण म्हणजे तुमची चरबी. सित्त इन्साफनी रडणे थांबवले, डोळे पुसले आणि थेट माझ्याकडे आल्या (आमच्याकडे लिहितावाचता येणाऱ्या कुठल्याही गृहस्थाला उस्ताद म्हणतात, गाणे येवो न येवो).

"उस्ताद, तुम्ही सरकारात होता म्हणून विचारते. एका माणसाने दुसऱ्याला जाड केलं, तर ते कुणाच्या नावावर लिहितात?"

"खाणाऱ्याच्या."

"आणि वाढणारा आग्रह करत असेल तर?"

कचेरीत अशा प्रश्नावर आम्ही 'वरिष्ठांकडे पाठवावे' असा शेरा मारत असू. इथे वरिष्ठ कोण ते उघडच होते, म्हणून मी चहाचा घोट घेतला.

"परवा स्वप्नात आले होते," त्या म्हणाल्या. "पलीकडे जायच्या पुलाशी उभे. केसासारखा बारीक पूल. आणि पाठीवर अख्खी गल्ली बसलेली! ती शिंप्याची करीमान सगळ्यात वर, पाय हलवत. मला म्हणाले, इन्साफ, मुवैस कालव्यावरचा सिमेंटचा पूल चढताना माझा जीव जायचा. हा कसा चढू?"

"स्वप्नच ते, सित्त."

"स्वप्न खोटं असेल. वजन खोटं आहे का?"

मी आपले पोट जरा आत ओढून घेतले, कारण त्या वेळी मी स्वतः शंभराच्या आसपास होतो, आणि त्यातले निदान तीस किलो हाजींचे होते.

महिन्याभरात सित्त इन्साफच्या हातातली सोन्याची कांकणे दिसेनाशी झाली आणि दुकानाच्या बंद दारासमोर पाण्याचा एक विजेचा कूलर उभा राहिला. चकचकीत पत्रा, दोन नळ, साखळीने बांधलेले दोन पेले. मेलेल्या माणसाच्या नावाने असे कूलर आमच्याकडे गल्लोगल्ली असतात. येणारा जाणारा पाणी पितो, मयतासाठी दोन शब्द बोलतो, ते त्याला पोचतात. पण बाकीचे कूलर तहानेसाठी असतात. हा एकटाच वसुलीसाठी होता. गल्लीने गार पाणी प्यावे, गल्लीची चरबी जळावी, आणि एकेक जण हाजींच्या पाठीवरून खाली उतरावा, अशी योजना. पाटीचा मजकूर मी लिहून दिला: 'हाजी बेयूमी यांच्या आत्म्यासाठी. भरपूर प्या. थोडे थोडे करून त्यांना मोकळे करा.'

योजनेचा शास्त्रीय पाया तपासण्याचे काम नसीफ मास्तरांकडे दिले. ते मुलांच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवतात आणि त्यामुळे त्यांना मित्र कमी आहेत. त्यांनी पावाच्या कागदावर गणित मांडले. (साखळीचा पेला, पाव लिटरला जरा कमी. पाणी सात अंशांवरून अंगाच्या उष्णतेपर्यंत न्यायचे, तर खर्च सहा उष्मांक. म्हणजे एका पेल्यामागे एक बदाम, तोही लहान. हाजींच्या कुनाफ्याची एक बशी फेडायला पंचाहत्तर पेले, म्हणजे पंधरा लिटर. इतके पाणी एका बैठकीत प्यायल्यास माणूस थेट हाजींच्या भेटीला जाईल.) गल्लीने त्यांचे आभार मानले, कागद परत केला, आणि विज्ञानवाल्यांना पाण्यातले काय कळते असे ठरवून प्यायला सुरुवात केली.

आणि वजने घटू लागली.

इथे अम्म रिज्कची ओळख करून देणे भाग आहे. अम्म रिज्क हा सगळ्या गल्लीचा काका. पदपथावर पुठ्ठा अंथरून, पुढ्यात न्हाणीघरातला छोटा वजनकाटा ठेवून तो बसतो. एक पाउंडाचे नाणे द्या, चपला काढा, उभे राहा. पूर्वी तो हाजींच्या दुकानासमोर, मशिदीच्या कोपऱ्यावर उन्हात बसे आणि दिवसाकाठी सातआठ गिऱ्हाइके करी. कूलर आल्यावर तो कूलरच्या सावलीत आला. काट्यावर कुणी नसले की तो त्यावर रुमाल टाकून ठेवी, धूळ बसू नये म्हणून. आता माणसे पाणी पीत, लगेच बाजूला सरून काट्यावर चढत, आणि अम्म रिज्क चष्मा नाकावर ओढून गंभीरपणे जाहीर करी:

"अठ्ठ्याऐंशी. मागल्या वेळी किती होतं, ताई?"

"नव्वद! अरे देवा, नव्वद होते!"

"मग तेच. दोन गेले."

महिनाअखेर गल्लीने अधिकृतपणे एकशे एकोणचाळीस किलो गमावले होते. एकट्या करीमानने सहा. करीमानने ही बातमी पोर्ट सईदला नणंदेला फोनवर सांगितली, दमनहूरला मावशीला सांगितली, आणि चुकीचा नंबर लागून आलेल्या एका अनोळखी गृहस्थालासुद्धा सांगितली. गृहस्थाने पत्ता विचारला. पुढल्या आठवड्यात परक्या गल्ल्यांतली माणसे पेल्यासाठी रांगा लावू लागली. सित्त इन्साफ खिडकीत बसून, कोण उतरले ते जपमाळेच्या मण्यांवर मोजत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर नवऱ्याच्या मरणानंतर प्रथमच रंग आला होता.

सुख चालले असले की कुठेतरी एक अर्ज लिहिला जात असतो. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याच्या दुकानातला बारीक होण्याचा हिरवा चहा पडून राहू लागला होता. त्याने अर्ज लिहिला. जिल्ह्यातल्या एका कचेरीने (नाव सांगत नाही, मला अजून निवृत्तिवेतन मिळते) त्यावर निरीक्षक पाठवला. उस्ताद वजदी. सडपातळ, घामट, बगलेत कातडी पिशवी. त्यांनी कूलरकडे पाहिले, आम्हा सर्वांकडे पाहिले, आणि कूलरवर हुकूम चिकटवला. हुकूम इतका सुरेख होता की मी तो पाठ केला.

'विषय: खर्रूब गल्ली येथील पाणीसदृश द्रवाबाबत. सदर द्रव प्यायल्याने वजन घटते, असे अनेक स्त्रीपुरुषांचे म्हणणे आहे. वजन घटवणारा पदार्थ हा औषध होय. औषध परवान्याशिवाय नळातून वाटता येत नाही. सबब एकेचाळीस रहिवाशांस रोज प्रत्येकी चार पेले पाजून चाळीस दिवस निरीक्षण करावे. सरासरी वजन घटल्यास यंत्र सील करावे. न घटल्यास सदर द्रव पाणी आहे असे समजण्यास हरकत नाही.'

सोबत एक नोंदवही. रकाने: पिणाऱ्याचे नाव, पेले, पिण्याचे कारण. कारणाच्या रकान्यात दोनच पर्याय होते, 'वजन' आणि 'तहान'. वही सांभाळायला माझी नेमणूक झाली. एकेचाळीस जणांची पहिली वजने त्याच दिवशी घेतली, अम्म रिज्कच्या काट्यावर, कारण कचेरीचा काटा दुरुस्तीला गेला होता (कोणत्या साली, ते वजदींनाही ठाऊक नव्हते).

दुपारच्या नमाजानंतर गल्ली सित्त इन्साफच्या पायरीशी जमली.

"म्हणजे मी आता चारचौघांत कबूल करू, की माझं काही कमी झालं नाही?" करीमानने सुरुवात केली. "माझ्या नणंदेला कळलं ना, तर पोर्ट सईदहून ढोल वाजवत येईल ती!"

"कबूल नाही करायचं, ताई," अम्म रिज्क म्हणाला. "फक्त खायचं. कमी होऊ द्यायचं नाही."

"वा! सहा किलो घालवायला मी बर्फासारखं पाणी ढोसलं. दात ठणकले माझे. आणि आता ते परत घेऊ?"

"कूलर गेला तर कुठून ढोसशील?" मी म्हटले.

"तुम्ही बोलू नका, उस्ताद. तुमचं तर अर्धंच किलो गेलंय, आणि तेही दाढी केल्यावर."

सित्त इन्साफ पायरीवर पुढे सरकल्या. त्यांनी बोटांवर मोजत हळूहळू म्हटले, "थांबा. वजन उतरलं, तर कूलर बंद. कूलर बंद झाला, तर ह्यांच्या पाठीवरून कुणीच उतरणार नाही. आणि कूलर ठेवायचा, तर कुणी उतरताच कामा नये. बरोबर ना?"

"अगदी बरोबर."

"मग हे काय आहे, उस्ताद?"

"सरकारी आहे."

 त्यांनी उठून कमरेची दुकानाची किल्ली काढली. ठराव असा झाला: आधी कूलर वाचवायचा, चाळीस दिवस सर्वांनी मन लावून खायचे, मग आयुष्यभर बारीक व्हायला मोकळे. ठरावाच्या बाजूने एकेचाळीस, विरोधी शून्य, नसीफ मास्तर तटस्थ (घास तोंडात असल्यामुळे).

मंडळी, सार्वजनिक कामासाठी त्याग करणारे लोक मी पुष्कळ पाहिले, पण खर्रूब गल्लीने त्या चाळीस दिवसांत जे केले त्याला तोड नाही. ज्या स्त्रिया गेली वीस वर्षे 'उद्यापासून बंद' म्हणत होत्या, त्यांनी उद्याचे नावही काढले नाही. अपचनाने अंथरूण धरलेले लोक पडल्या पडल्या कर्तव्य बजावत होते. आणि नियमाप्रमाणे दर माणशी रोज चार पेले गार पाणीही चालू होते; ते पीतच होते, कारण ठरले होते.

एवढे खाणे येणार कुठून? हाजींच्या दुकानाचे दार उघडले. सित्त इन्साफनी परात काढली, भट्टी पेटवली, तूप सोडले. मी सकाळी पहिला किलो घ्यायला गेलो तेव्हा त्या पाक ओतत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होते.

"बघा ना उस्ताद," त्या म्हणाल्या. "ज्याच्यासाठी कूलर बसवला, तेच पुन्हा माझ्या हातानं करतेय. ते तिकडे पुलाशी उभे असतील. म्हणत असतील, ही बाई मला सोडवतेय का बुडवतेय?"

त्यांनी किलो मापला. तागडी सरळ झाली. त्यांचा हात थांबला. मग, मी शपथेवर सांगतो, तो हात आपणहून परातीकडे गेला आणि वर एक तुकडा टाकून आला. आम्ही दोघांनीही त्या तुकड्याकडे पाहिले. तो काढून घ्यायला त्यांना धीर झाला नाही, आणि मला तो परत द्यायला.

चाळिसाव्या दिवशी भर दुपारी उस्ताद वजदी आले. ऑगस्टचा महिना. डांबर मऊ झाले होते, कुत्री सावलीसाठी मोटारींखाली भांडत होती. निरीक्षक साहेबांची बस वाटेत बंद पडली होती आणि ते स्थानकापासून चालत आले होते. सदरा अंगाला चिकटलेला, ओठ पांढरे. पण कामाला सुरुवात करण्यापूर्वी त्यांनी कूलरकडे पाहिलेसुद्धा नाही. तपासाधीन द्रवाला निरीक्षकाने तोंड लावणे नियमात बसत नाही.

त्यांनी काट्यावरचा रुमाल उचलला.

रिकाम्या काट्याची सुई शून्यावर नव्हती. शून्याच्या अलीकडे, चांगली सहा घरे मागे, आरामात टेकलेली होती.

"हे काय?"

अम्म रिज्कने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. "साहेब, ही करीमानची जागा आहे. शेवटी तीच चढली होती."

"प्रत्येकाची वेगळी जागा आहे?"

"बायांना दोन, पुरुषांना एक. ज्या पोरीचं लग्न ठरलंय तिला तीन. आणि परत येतील तेव्हा आणखी थोडं. खालच्या चाकावर अंगठा ठेवायचा, बस. करीमान रोज यायची, म्हणून सहावर गेली."

 मग करीमान बोलली.

"माझे सहा किलो," ती म्हणाली, "तुझ्या अंगठ्यात होते? अहो काका, मी दमनहूरपर्यंत कळवलंय!"

उस्ताद वजदींनी स्वतःच्या हाताने सुई शून्यावर आणली आणि एकेचाळीस वजने नव्याने घेतली. निकाल मी उतरवून घेतला. घट झालेले: शून्य. जैसे थे: शून्य. वाढलेले: एकेचाळीस. सरासरी वाढ पाच किलो दोनशे, पैकी दोन किलो दयेचे आणि बाकी कुनाफ्याचे. करीमान अकराने वर गेली. तिने काट्यावरून उतरायला नकार दिला, म्हणाली, सुई दमली की आपोआप खाली येईल. शेवटी दोघांनी उतरवली.

गल्लीने सुटकेचा श्वास सोडला. वजन घटले नव्हते. म्हणजे औषध नाही. म्हणजे पाणी. म्हणजे कूलर राहणार! एकदोघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

"थांबा," उस्ताद वजदी म्हणाले. त्यांनी पिशवीतून दुसरा अर्ज काढला. "न घटल्यास पाणी, असं हुकूम म्हणतो, हे खरं. पण इथं वजन वाढलं आहे. ज्याच्या सेवनाने सरासरी पाच किलो वाढतात, त्याला अन्न म्हणतात. अन्नाचा परवाना आहे?"

कुणी हसले नाही. मी तर हसूच शकलो नाही, कारण तर्कात चूक सापडत नव्हती, आणि कचेरीत असतो तर मीही हेच लिहिले असते.

सित्त इन्साफ कूलरशेजारच्या स्टुलावर बसल्या. जपमाळ मांडीवर पडली. "म्हणजे कुणी उतरलंच नव्हतं," त्या स्वतःशी म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून एकसुद्धा नाही. उलट मी आणखी पाच पाच किलो चढवले." मग त्यांनी मान वर केली. "अम्म रिज्क, मी तुझं काय वाईट केलं होतं रे? मला खोटं मोजायला लावलंस. तिकडे त्यांची पाठ मोडतेय, आणि इकडे मी मणी ओढतेय!"

अम्म रिज्क पुठ्ठ्यावरून उठला. त्याला उठताना मी क्वचितच पाहिले आहे.

"सित्त, मी पंधरा वर्षं हाजींच्या समोर बसलो. काय बघितलं, सांगू? तागडी सरळ झाली की त्यांना बघवत नसे. गिऱ्हाइकाच्या बाजूला झुकवायचे तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडायचा. मला म्हणायचे, रिज्क, सरळ तागडीवर माणूस खूश होत नाही. मी त्यांच्याकडनंच शिकलो. त्यांचं गिऱ्हाईक जास्तीनं सुखी व्हायचं, माझं कमीनं होतं. म्हणून मी दुसरीकडे झुकवतो. हे पाप असेल, तर आम्हा दोघांचं मिळून धरा. पण मला नाही वाटत, त्या वरच्या तुकड्याला कुणी तिकडे ओझं म्हणून लिहिलं असेल."

 सित्त इन्साफनी जपमाळ उचलली.

आणि याच वेळी एक बेकायदेशीर घटना घडली. उस्ताद वजदी अन्नाच्या अर्जावर सही करायला कूलरवर टेकले होते. पत्रा गार होता. त्यांनी हात तिथेच ठेवला. मग कपाळ टेकवले. मग आजूबाजूला न बघता साखळीचा पेला नळाखाली धरला आणि प्यायले. एक. दुसरा. तिसरा पिताना त्यांचे डोळे मिटलेले होते आणि गळ्याची घाटी वरखाली होत होती. पेला खाली आला, त्यांनी मोठा श्वास सोडला, डोळे उघडले. डोळ्यांसमोर पाटी होती. त्यांनी नाव वाचले.

"अल्ला रहम करो तुमच्यावर, हाजी," ते म्हणाले. "जीव थंड केलात."

सित्त इन्साफ स्टुलावरून उठल्या. "काय म्हणालात?"

"काही नाही. नेहमीचंच."

"पुन्हा म्हणा."

निरीक्षक गोंधळले; पण त्यांनी पुन्हा म्हटले.

सित्त इन्साफ माझ्याकडे वळल्या. "उस्ताद, वही बघा. हे आधी कुणी म्हटलं होतं?"

मी वही उघडली. चाळीस दिवस, एकेचाळीस माणसे, रोज चार पेले. एकूण सहा हजार पाचशे साठ. कारण 'वजन': सहा हजार पाचशे साठ. कारण 'तहान': शून्य. या सगळ्या पेल्यांमध्ये हाजींसाठी दोन शब्द बोलायला कुणाला सवड झाली नव्हती, कारण पेला तोंडाचा सुटला की प्रत्येक जण धावत काट्याकडे जाई. गल्लीने माना खाली घातल्या. हनुवट्या दुहेरी असल्यामुळे त्या फार खाली गेल्या नाहीत, पण भाव खरा होता.

"लिहा," सित्त इन्साफ म्हणाल्या. "सहा हजार पाचशे एकसष्टावा. तहान."

उस्ताद वजदींनी अन्नाचा अर्ज हातात धरून बराच विचार केला. मग तो घडी करून पिशवीत ठेवला आणि मूळ हुकुमाखाली शेरा मारला. तो मी शब्दशः देतो, कारण सरकारी कागदावर इतके स्पष्ट वाक्य मी आयुष्यात दुसरे पाहिले नाही: 'निम्नस्वाक्षरीकारास तहान लागली होती. सदर द्रव प्यायल्यावर ती गेली. सबब हे पाणी आहे.'

मग, कामात कसूर नको म्हणून, ते स्वतः काट्यावर चढले. सुई शून्यावर आणल्यावर त्यांनी काटा तपासायला आधी स्वतःचे वजन घेतले होते, त्यापेक्षा ते आता अर्ध्या किलोच्या वर थोडे जास्त भरले. नसीफ मास्तर गर्दीतून म्हणाले, "तीन पेले. बरोबर आहे. गार पाण्यानं वजन पाण्याइतकं वाढतं." या शोधाची नोंद कुणी घेतली नाही.

कूलर अजून तिथेच आहे. पाटीवरचे 'थोडे थोडे करून त्यांना मोकळे करा' सित्त इन्साफनी खरवडून काढायला लावले. आता नुसते 'तहान लागली असेल तर प्या' एवढेच आहे. दुकान गुरुवारी आणि शुक्रवारी उघडते. किलोवर वरचा तुकडा मिळतो. मध्यंतरी हाजी पुन्हा स्वप्नात आले, असे त्या म्हणाल्या. पुलाच्या मध्यावर पोचले होते. गल्ली पाठीवर तशीच, करीमान तर आणखी रुंद झालेली. "मी विचारलं, जड होतंय का हो? तर म्हणाले, पाठीचं कळत नाही, इन्साफ. घसा गार आहे."

आता तुमच्याविषयी थोडे. गार पाणी प्यायल्याने वजन उतरते का, याचे उत्तर नसीफ मास्तरांनी फार आधी, एका कंसात, देऊन टाकले होते: पेल्यामागे एक बदाम, तोही लहान. तुम्ही ते वाचलेत. तरीही इथपर्यंत आलात, म्हणजे तो आकडा तुम्हालाही आवडलेला नव्हता, आणि शेवटी कदाचित जरा बरा आकडा निघेल अशी आशा होती. त्यात लाजण्यासारखे काही नाही. आम्ही एकेचाळीस जण त्याच आशेवर चाळीस दिवस दात ठणकवून घेत होतो. कधी झगाझीगला आलात तर खर्रूब गल्लीत या. अम्म रिज्क कूलरच्या सावलीत असतो. पाउंड द्या, चपला काढा, पोट आत ओढू नका. तो तसाही पहिल्या भेटीला दोन किलो सोडतो. फक्त आपली पाळी येईपर्यंत रुमाल उचलून बघू नका.